हंपीच्या धोंड्यांवर दोघं: एका दिवसाच्या बोल्डरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "तू हंपीला जातोस ना? आम्ही दोघं जायचं म्हणतोय, काय काय लागेल?" प्रश्न तेच, बहुतेक वेळा क्रमही तोच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी कोल्हापूरचा, सह्याद्रीत दोर लावून चढायला शिकलेला, आणि गेली काही वर्षं थंडीत एकाच मित्राला घेऊन हंपी गाठणारा. प्रशिक्षक नाही. त्यामुळे खाली जिथे माझं मत आहे तिथे ते मतच समजा.

बोल्डरिंग म्हणजे नेमकं काय? दोर नाही म्हणता, मग हा वेडेपणा नाही का?

सुटा धोंडा, उंची साधारण दोन माणसं, फार तर थोडी जास्त. दोर नाही, हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा) नाही. पायात रबरी तळाचे घट्ट शूज, कमरेला चॉकची (हात कोरडे ठेवणाऱ्या पांढऱ्या पुडीची) पिशवी, खाली जाड गादी आणि गादीशेजारी एक माणूस. पाच-सात हालचालींत चढ संपतो. पण त्या हालचाली अशा असतात की एकेकीपायी लोक दोन-दोन हिवाळे घालवतात. अशा एका चढाला 'प्रॉब्लेम' म्हणतात आणि तो 'सुटतो', गणितासारखा. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात वालुकाश्माच्या धोंड्यांवर आल्प्सवाले सराव करायचे, तिथून हे प्रकरण वाढलं. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत जॉन गिल नावाच्या जिम्नॅस्टनं याला स्वतंत्र खेळाचं रूप दिलं. कातळावर चढताना हाताला चॉक लावायची पद्धतही त्याच्यामुळेच रुळली. हा गृहस्थ पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, त्यामुळे 'प्रॉब्लेम' हा शब्द मला उगाचच योग्य वाटतो.

वेडेपणाचं म्हणाल तर, दोरावरची चढाई करणारा माणूस दिवसातून एखाददुसऱ्यांदा पडतो. इथे चाळीस वेळा पडायचं असतं. म्हणून पडणं नीट शिकावं लागतं. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे, ते वाचल्याशिवाय तिकीट काढू नका.

सह्याद्रीत एवढा कातळ असताना हंपीच का?

हा प्रश्न खास आपल्याकडचा. उत्तर दगडात आहे. आपला सह्याद्री बसाल्टचा, थरावर थर रचलेला. त्याच्या आडव्या कडा हाताला छान लागतात, पण त्यांचा भरवसा नसतो. खुंटीसारखी दिसणारी कड अख्खीच्या अख्खी हातात येते. शिवाय आपल्याकडे उंच भिंती भरपूर आणि चढण्याजोगे सुटे, घट्ट, खाली सपाट जागा असलेले धोंडे त्या मानानं कमी. मुंबईकरांनी कान्हेरी, मुंब्रा, बेलापूर इथले दगड घासून गुळगुळीत केले ते उगाच नाही. त्याच मेहनतीतून २०१६ साली नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरली होती, हे बऱ्याच ट्रेकर मंडळींना ठाऊकही नसतं.

हंपीचा दगड ग्रॅनाइट, वय सुमारे अडीच अब्ज वर्षं. आपला बसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचं पोर. ग्रॅनाइटचे स्फटिक बोटाखाली साखरेच्या खड्यांसारखे टोचतात आणि त्या टोचण्यावरच पाय टिकतो. पहिल्या तासात घरच्या सवयीनं तुम्ही हाताला कड शोधत राहता. कड नसतेच. गोल, चढी, पोत असलेली पाठ असते आणि तिच्यावर तळहात दाबून, पायावर भार टाकून वर सरकायचं असतं. सह्याद्रीत तयार झालेल्या माणसाला हे पचायला अर्धा दिवस लागतो. मला दोन दिवस लागले.

पण एवढे धोंडे तिथे आले कुठून?

चहाच्या टपरीवर विचारलंत तर वाली-सुग्रीवाच्या मारामारीत फेकलेले दगड हे, असं उत्तर मिळेल. हा सगळा प्रदेश किष्किंधा मानला जातो, आनेगुंदी गावाजवळचा अंजनाद्री डोंगर हे हनुमानाचं जन्मस्थान अशी श्रद्धा आहे, आणि चढणाऱ्यांच्या लाडक्या पठाराचं नावही ऋषिमुख, म्हणजे रामायणातला ऋष्यमूक.

भूशास्त्राचं उत्तर असं, की ते कुठून आले नाहीत, जागच्या जागी उरले. जमिनीखालच्या ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा होत्या. भेगांतून पाणी झिरपलं आणि दगड कुजत गेला. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे दोन-तीन बाजूंनी एकदम कुजतात, म्हणून ठोकळ्याचा गोळा झाला. मग भोवतीची भुसभुशीत माती पावसानं वाहून गेली आणि आतले टणक गोळे एकमेकांवर तसेच बसून राहिले. हे चढणाऱ्याच्या कामाचं आहे बरं का. एकावर एक रचल्यासारखे दिसणारे धोंडे बहुधा हजारो वर्षं तसेच आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही. मात्र मोठ्या धोंड्याच्या पोटातून कांद्याच्या पापुद्र्यासारख्या सुटणाऱ्या पातळ चिपा दिसल्या तर आधी बोटानं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तो होल्ड, म्हणजे धरायची जागा, नाही असं समजा.

दोघंच गेलो तर चालेल का? मोठा ग्रुप हवा का?

दोघं पुरतात. खरं सांगू का, दोघंच बरे. आठ जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला वाटतं की खाली कोणीतरी उभं असेल, आणि वेळेला कोणीच उभं नसतं. दोघांत ती पळवाट नाही. एक वर, दुसरा खाली. एवढंच की दोघांसाठी किमान दोन गाद्या हव्यात, आणि उंच किंवा वेड्यावाकड्या जमिनीवरचे प्रॉब्लेम सोडून द्यायची तयारी हवी.

एकट्यानं जाऊ का, असंही विचारतात. मी जात नाही.

खाली उभ्या राहणाऱ्यानं नेमकं काय करायचं? झेलायचं का?

नाही. सत्तर किलोचा माणूस डोक्याइतक्या उंचीवरून येताना झेलायला गेलात तर दोघं मोडाल.

याला 'स्पॉटिंग' म्हणतात. स्पॉटरचं काम दोनच गोष्टींचं: पडणाऱ्याचं डोकं आणि पाठ दगडावर किंवा मातीवर आपटू न देणं, आणि त्याला गादीच्या मधोमध ढकलणं. एक पाय पुढे, गुडघे सैल, हात वर, कोपरात वाकलेले. बोटं एकमेकांना चिकटलेली आणि अंगठा आत दुमडलेला, नाहीतर अंगठाच मागे वळतो. नजर चढणाऱ्याच्या कमरेवर. त्याची बोटं काय करताहेत ते पाहत बसायचं नाही, कारण शरीर जिथे जायचं ते कमरेवरून आधी कळतं. तो पडला की काखेखाली किंवा कमरेवर हात लावून दिशा द्यायची, बस्स. सपाट, सरळ चढावर पाय आधी येतात, तिथे काम सोपं. छतासारख्या पुढे आलेल्या कातळावर मात्र तो पाठीवर येतो, तिथे खांद्याखाली हात हवा. पाठ दगडाकडे जात असेल तर मध्ये स्वतः उभं राहावं लागतं.

दुसरं काम गाद्यांचं. चढणारा डावीकडे सरकला की गादीही डावीकडे सरकली पाहिजे, पायानं ढकलत. दोन गाद्यांमध्ये फट नको.

या फटीबद्दल मी एवढं का बोलतो ते सांगतो. आमच्या दुसऱ्या खेपेला मित्र एका अगदी सोप्या चढावर होता. मी खाली उभा होतो, पण हातात फोन आणि डोळे फोनच्या पडद्यावर, कारण त्याचा व्हिडिओ काढत होतो. तो घसरला, छातीइतक्या उंचीवरूनही नसेल, आणि टाच बरोब्बर दोन गाद्यांच्या मधल्या फटीत गेली. घोटा मुरगळला. रस्त्यापर्यंत त्याला खांद्यावर टेकवून आणला, पुढचे तीन दिवस तो खाटेवर आणि मी त्याला बर्फ आणून देतोय. व्हिडिओत फक्त आभाळ आलंय. तो याबद्दल कधी एक अक्षर बोलला नाही. फक्त पुढच्या वर्षी पहिल्या धोंड्याखाली त्यानं हात पुढे केला, माझा फोन घेतला आणि आपल्या सॅकच्या तळाशी टाकला. तेव्हापासून दर वर्षी तो तसंच करतो.

व्हिडिओ हवाच असेल तर फोन समोरच्या दगडाला टेकवून ठेवा.

पडायचं कसं?

दोन्ही पायांवर, पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे वाकलेले, आणि जमिनीला लागताच मागे लोळण. हात छातीशी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागे हात टेकणं. मनगट आणि कोपर तिथेच जातात. पहिल्या सकाळी कमरेइतक्या उंचीवरून मुद्दाम दहा वेळा उडी मारून लोळून पाहा. आजूबाजूची पोरं हसतील, हसू द्या. आणि वर चढताना जमणार नाही असं वाटलं तर उडी मारण्याआधी दोन पावलं खाली उतरून या. प्रत्येक वेळी पडलंच पाहिजे असं काही नाही.

कसरतीची, दंडबैठकांची किती तयारी हवी? पुल-अप येत नाहीत.

नसू देत. हंपीचे निम्मे सोपे प्रॉब्लेम स्लॅब, म्हणजे कलत्या पाठीचे आहेत. तिथे ताकदीपेक्षा पायावर विश्वास लागतो. माझ्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीला एकही पुल-अप येत नव्हता. पण ती भरतनाट्यम् शिकलेली, आणि ज्या स्लॅबवरून मी चार वेळा घसरलो तो तिनं पहिल्या झटक्यात चालत जावं तसा पार केला.

काय सामान लागेल?

शूज आणि गादी या दोनच खर्चाच्या वस्तू, आणि दोन्ही सणापूर गावाच्या बाजूला, जिकडे चढाई चालते तिकडे, भाड्यानं मिळतात. शूज घट्ट हवेत, बोटं पुढे टेकलेली, पण डोळ्यांत पाणी येईल इतके नकोत. पहिल्या दिवशी मोज्याविना घालून दहा मिनिटं बसून पाहा. गादी घेताना उघडून पाहा: वरचा थर कडक आणि खालचा मऊ असतो. कडक थर भार पसरवतो, मऊ थर तो शोषतो. उलटी घातलीत तर पाय मऊ थरातून थेट जमिनीवर बसतो. जुन्या, मधोमध खड्डा पडलेल्या गाद्या भाड्याच्या दुकानात हमखास असतात, त्या नाकारा.

चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, फळ्यावरचा खडू नव्हे. तो घामेजलेले हात कोरडे ठेवतो. बाकी घरातलंच: मऊ दातांचा जुना टूथब्रश (होल्ड झाडायला, तारेचा ब्रश चुकूनही नको), पायपुसणं (शूज चढवण्याआधी तळवे पुसायला, मातीच्या शूजनं चढलात तर घसराल आणि दगडही गुळगुळीत होईल), चिकटपट्टी, नेलकटर, टोपी, हेडटॉर्च. पाणी प्रत्येकी तीन लिटर तरी. पठारावर पाण्याची सोय नाही.

कधी जावं आणि दिवस कसा घालवावा?

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात. डिसेंबर-जानेवारी उत्तम. तेव्हासुद्धा दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो आणि दगड तव्यासारखा तापतो. मार्चनंतर जायचं तर देवळं पाहायला जा.

थंडीला एवढं महत्त्व कशासाठी? पकड म्हणजे कातडी आणि दगड यांच्यातलं घर्षण. बोटाला घाम आला की ते संपलं. सकाळी सहाला जो गोल होल्ड हाताला चिकटून बसतो तोच अकरा वाजता साबणासारखा वाटतो, आणि आपण उगाच स्वतःच्या ताकदीला दोष देतो.

आमचा दिवस असा असतो. साडेपाचला उठायचं, अंधारातच टपरीवरच्या अक्काकडे चहा. तिला मराठी येत नाही, आम्हाला कानडी 'येरडू चहा'पुरतं. गाद्या पाठीला बांधून भाताच्या खाचरांच्या बांधावरून पठाराकडे. हा अर्धा तास मला चढाईइतकाच आवडतो: खाली हिरवीगार खाचरं, केळीच्या बागा, आणि त्यांच्या डोक्यावर केशरी पडत जाणारे दगड. उजाडता उजाडता पहिल्या धोंड्याशी. अर्धा तास नुसते सोपे चढ, बोटं तापेपर्यंत. सात ते साडेनऊ हा खरा वेळ, जो काय मोठा प्रॉब्लेम मनात असेल तो तेव्हाच. उन्हाची दिशा बघून पश्चिमेकडच्या बाजू सकाळी घ्यायच्या, पूर्वेकडच्या संध्याकाळी.

दहा-साडेदहाला सावलीत गाद्या पसरून आडवं व्हायचं. डबा: ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, केळी. शेंगाचटणी आणि भाकरी तिकडेही आपल्यासारखीच मिळते, सीमेच्या दोन्ही बाजूंचं ताट एकच आहे. मग गप्पा, झोप, वाचन. नवख्यांना इथे अपराधी वाटतं. एवढ्या लांब येऊन लोळतोय! पण दोघांनी मिळून पूर्ण दिवसात प्रत्यक्ष दगडावर घालवलेला वेळ एकदा घड्याळ लावून मोजला होता, तासभरही भरला नाही. बाकी सगळं बसणं, बघणं आणि दुसऱ्याच्या खाली हात वर करून उभं राहणं. एका जोरदार प्रयत्नानंतर तीन ते पाच मिनिटं थांबलंच पाहिजे, नाहीतर पुढचा प्रयत्न आधीपेक्षा वाईटच होतो.

चारला पुन्हा सुरुवात, आणि सूर्य टेकला की सामान आवरायचं. "शेवटचा एक" असं म्हणायचं नाही. माझ्या पाहण्यातल्या जखमा बहुतेक त्या शेवटच्या एकातल्याच आहेत.

व्ही-झीरो, व्ही-फोर हे काय असतं?

अवघडपणाचा क्रम. अमेरिकेतल्या जॉन शर्मन नावाच्या चढणाऱ्याचं टोपणनाव 'व्हर्मिन', त्यातला हा 'व्ही'. व्ही-झीरो सोपा, आणि सध्या वरचं टोक व्ही-सेव्हन्टीन. युरोपात फाँतेनब्लोची पद्धत वेगळी. हंपीत दोन्ही कानावर पडतील. शहरातल्या कृत्रिम भिंतीवर व्ही-फोर करणाऱ्यानं इथे व्ही-वनवर हसं करून घेण्याची तयारी ठेवावी. भिंतीवर होल्ड रंगीत असतात, इथे ते आधी शोधावे लागतात.

मित्राचा पहिलाच दिवस आहे. त्याला कुठून सुरुवात करून देऊ?

तुम्हाला आवडतो त्या प्रॉब्लेमपासून नको! ही चूक सगळे करतात. छातीइतक्या उंचीचा, खाली सपाट जमीन असलेला आणि मागून चालत उतरता येईल असा धोंडा शोधा. त्याला आधी हात न लावता, नुसत्या पायांवर स्लॅब चढायला लावा. मग शांत बसा. कुठे पाय ठेवायचा ते ओरडून सांगू नका. या सूचनांना चढणारे 'बीटा' म्हणतात आणि न मागता दिलेला बीटा हा कोडं सोडवणाऱ्याच्या खांद्यावरून उत्तर वाचून दाखवण्याचा प्रकार आहे. त्यानं विचारलं तर सांगा. आणि त्यालाही पहिल्याच दिवशी स्पॉटिंग शिकवा, कारण दुपारनंतर तुमचं डोकं त्याच्या हातात आहे.

वर पोचलो की उतरायचं कसं?

हा प्रश्न खरं तर कोणी विचारत नाही, म्हणून मीच घालतोय. चढायच्या आधी धोंड्याभोवती एक प्रदक्षिणा घाला आणि उतरायची वाट पाहून ठेवा. मी एकदा दिमाखात माथा गाठला आणि मग वीस मिनिटं वर बसून होतो. मागची बाजू समोरच्यापेक्षा उंच निघाली. शेवटी मित्रानं दोन्ही गाद्या मागे नेल्या आणि मी ढुंगणावर घसरत आलो. पँट गेली.

दुसरं, माथ्यावर पोचण्याची शेवटची हालचाल बऱ्याचदा सगळ्यात अवघड असते: हाताला काही नाही आणि पोटानं, कोपरानं, गुडघ्यानं गोल पाठीवर स्वतःला ओढून घ्यायचं. हे फोटोत कधीच चांगलं दिसत नाही.

कोणत्या धोंड्यांना हात लावायचा नाही?

तुंगभद्रा नदीच्या दक्षिणेला, म्हणजे विरूपाक्ष मंदिर, हेमकूट, विठ्ठल मंदिर या बाजूला, स्मारकांवर किंवा त्यांच्या आसपास अजिबात चढायचं नाही. हंपीची स्मारकं १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि पुरातत्त्व खात्याचे पहारेकरी हाकलतात, ते योग्यच आहे. चढाई नदीच्या उत्तरेला, सणापूर-आनेगुंदीकडे. तिकडेही काही दगडांवर आदिमानवानं तांबड्या रंगात काढलेली चित्रं आहेत. आनेगुंदीजवळची ओणके किंडीची चित्रं तर प्रसिद्धच. तिथे चॉकचा हात लागला तर ते नुकसान भरून येत नाही.

शेंदूर फासलेला, हळद-कुंकू वाहिलेला, नुसता नारळ फोडलेला दगड दिसला तरी पुढे जा. आपल्या गावात म्हसोबाच्या दगडावर बूट घालून कोणी चढलं तर आपण काय करू, तेवढा विचार पुरे.

कधीकधी दगडाच्या कडेनं ओळीनं खोदलेल्या चौकोनी खाचा दिसतात. त्या चढणाऱ्यांनी केलेल्या नाहीत. दगड फोडण्यासाठी पाथरवटांनी पाचरी ठोकायला पाडलेल्या त्या जागा, विजयनगरच्या काळापासूनच्या. १५६५ मध्ये राजधानी उद्ध्वस्त झाली आणि काही ओळी अर्ध्यावरच राहिल्या. खाचेत बोटं अगदी चपखल बसतात, मोह होतो. मी तिथे नुसता बसतो. स्वतः दगडात नवा होल्ड कोरणं तर सोडाच. निघताना चॉकच्या खुणा ब्रशनं झाडून टाका, चिकटपट्टीचे तुकडे खिशात घाला.

साप, मधमाश्या, बिबट्या?

तिन्ही आहेत. आधी मधमाश्या, कारण लोक त्यांना कमी लेखतात. पुढे झुकलेल्या मोठ्या कातळाखाली आग्या मोहोळं लटकलेली असतात. वर बघितल्याशिवाय धोंड्याखाली गादी टाकू नका, जवळपास विडी-सिगारेट नको, अत्तर नको. उठल्याच तर सामान सोडून, तोंड झाकून सरळ पळायचं.

भेगांत फुरसं आणि विंचू असू शकतो. न दिसणाऱ्या फटीत हात घालण्याआधी टॉर्च मारा, गादी उचलताना तिच्या कडेखाली बोटं घालू नका, शूज झटकून घाला. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता हात-पाय स्थिर ठेवून तडक गंगावतीच्या किंवा होसपेटच्या मोठ्या दवाखान्यात जा. प्रतिविष तिथेच मिळेल.

बिबटे आणि अस्वलं या टेकड्यांत राहतात, दरोजीचं अस्वलांचं अभयारण्य याच भागात आहे. दिवसा ती सहसा दिसत नाहीत. अंधार पडायच्या आत खाली उतरण्याचं हे आणखी एक कारण.

आम्ही दोघी मैत्रिणी जाणार आहोत. सुरक्षित आहे का?

दिवसा पठारावर चढणाऱ्यांची वर्दळ असते आणि मैत्रिणींच्या जोड्या मी दर वर्षी पाहतो. पण झाकून सांगण्यात अर्थ नाही: मार्च २०२५ मध्ये सणापूरजवळ रात्री कालव्याकाठी बसलेल्या पर्यटकांवर हल्ला झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले आणि एकाचा जीव गेला. रात्री तळ्याकाठी, कालव्याकाठी चांदणं बघायला जाऊ नका, बाईमाणसांनी नाही आणि पुरुषांनीही नाही. राहत्या घरी कोणत्या पठारावर जाताय ते सांगून ठेवा. तळ्यात आणि नदीत उड्या मारण्याचा मोहही आवरा. तुंगभद्रेच्या पात्रातले दगड वरून दिसत नाहीत आणि ओढ फसवी आहे.

लागलं तर?

सोललेलं बोट: धुवा, सुटलेलं कातडं नेलकटरनं कापा, पट्टी बांधा, दिवस संपला. मुरगळलेला घोटा: शूज लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. डोकं आपटलं, उलटी झाली, मान दुखतेय, हाड वाकडं दिसतंय: हलवाहलव न करता मदत बोलवा, १०८ लावा. पठारावर सगळीकडे रेंज नसते, म्हणून रेंज कुठे येते ते सकाळीच पाहून ठेवा.

बोटांची कातडी तिसऱ्या दिवसापर्यंत टिकवायची कशी?

टिकत नाही. ग्रॅनाइट किसणीसारखा आहे. रात्री खोबरेल तेल चोळा, सकाळी कोरडी करा, उंचवटे आलेत ते बारीक पॉलिश पेपरनं घासून सपाट ठेवा म्हणजे ते अडकून फाटणार नाहीत. एक दिवस चढाई, एक दिवस देवळं, असं केलंत तर चार दिवसांची सहल होते. बोटांच्या टोकांतून गुलाबी रंग दिसायला लागला की थांबा. त्या रात्री आमटीत बोट बुडालं की कळेलच.

मित्र माझ्यापेक्षा भराभर शिकतोय. सांगू नये, पण राग येतो.

येतो. माझा मित्र माझ्यापेक्षा बोटभर उंच आहे, आणि माझ्या आवडत्या प्रॉब्लेममधला तो एक होल्ड त्याला बसल्या जागी मिळतो. मी तीन वर्षं त्याच्यासाठी उडी मारतोय. तिसऱ्या वर्षी त्यानं माझ्यासाठी वेगळी वाट शोधून काढली, डावी टाच वर अडकवून. मी चढत नसताना खाली बसून दोन संध्याकाळी तो तेच बघत होता, हे मला नंतर कळलं. होल्ड अजून मिळालेला नाही. राग मात्र गेला.

जायचं कसं, राहायचं कुठे?

कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेस बेळगाव-हुबळी-गदग करत होसपेटला सोडते, याहून सोपं काही नाही. गाडीनं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून सोलापूर-विजयपूर मार्गे साडेपाचशे. होसपेटहून सणापूरला रिक्षा. पूर्वी सगळे नदीपल्याडच्या विरुपापूर गड्डीला उतरायचे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथली अनधिकृत बांधकामं पाडली गेली. आता सणापूर आणि आनेगुंदीत घरगुती सोय होते. शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळा.

घरच्यांना काय सांगायचं?

खरं तेच. माझ्या आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "दगडावर चढायला साडेतीनशे किलोमीटर? आपल्या शेतात काय दगड कमी हैत?" मग गाडीत गाद्या भरताना ती मित्राला बाजूला घेऊन म्हणाली, "वरनं पडला तर धरतोस न्हवं रे त्याला?"

"नाही काकू," तो म्हणाला, "गादीवर ढकलतो."